भाकर, पोट आन् आठवण

(शताब्दी सोहळ्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. मंडळींनी आम्हाला निरोप दिला होता की महाराज, जुन्या आठवणींवर दोन शब्द बोला. आम्ही हो म्हणालो. पण घरी येऊन बसलो तेव्हा मनात आलं, जुन्या आठवणी सांगायच्या तर आधी आठवणीचंच बोलायला पाहिजे. ती कशानं टिकते, कशानं जाते. कारण या मांडवात साठीच्या वरची माणसं जास्त आहेत, आन् त्यांतले कितीक जण आठवण जाऊन राहिली हे लपवून बसले आहेत. आम्हीही लपवली होती.

आम्ही शिकलो चौथी. पाचवीत जायच्या साली 1972 चा दुष्काळ पडला. रेशनवर लाल मिलो येत होती, तिची भाकर थापताना माय रोज बोटं मोडायची. शाळा सुटली आन् गुरं मागं लागली. म्हणून आज जे सांगू त्यातलं डॉक्टरकीचं ज्ञान आमचं नाही. ते डॉक्टरांनी समजावून दिलेलं, आशाताईनं बजावलेलं आन् नातीनं वाचून दाखवलेलं आहे. आम्ही त्याचं निरूपण करणार, एवढंच.

आधी आमच्या थोरल्या भावाची गोष्ट. दादा या दिंडीचे बावीस वर्षं वीणेकरी होते, हे तुम्हाला माहीत आहे. 2019 च्या वारीत जे घडलं ते मात्र आपल्यातल्या थोड्यांनाच माहीत आहे. दिग्रस, पुसद करत आपण पैनगंगा ओलांडून मराठवाड्यात उतरलो होतो. दादा तेव्हा थोडे विसराळू झाले होतेच. चष्मा कुठं ठेवला, पैसे कोणाला दिले, असं. आम्ही म्हणायचो, वय झालं. वारीत ते पाणी कमी प्यायचे. वाटेत लघवीला कुठं थांबायचं, दिंडी पुढं निघून जाते, म्हणून. सकाळी चहा आन् टोस्ट, दुपारी यजमानाकडची पुरी-बुंदी, रात्री भात. मधात एकादशी आली, त्या दिवशी दोन्ही वेळ साबुदाणा. सहा दिवस त्यांना शौचाला झालं नाही. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. आपल्यात हे सांगायची लाज असते ना!

सातव्या रात्री मुक्कामावर दादा उठून बसले आन् बैलांना हाका मारायला लागले. बैल विकून पंधरा वर्षं झाली होती. आम्ही जवळ गेलो तर म्हणतात, "तू कोन व्हय बाप्पा? माह्या वावरात कायले आला?" सख्ख्या भावानं असं विचारलं. कोणी म्हणालं बाधा झाली, कोणी अंगारा लावला, कोणी म्हणालं झोप नाही झाली, सकाळी होईल बरोबर. आम्ही कीर्तनकार, चार लोकांना शहाणपण सांगणारे, आम्हीही दीड दिवस तसेच बसलो. हा दोष आमचा आहे. दुसऱ्या कोणाचा नाही.

शेवटी वाटेतल्या तालुक्याच्या गावी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, लघवी तुंबली होती ती नळीनं काढली, एनिमा दिला, सलाईन लावलं. तिसऱ्या दिवशी दादांनी डोळे उघडले आन् पहिला प्रश्न विचारला, "वीणा कोणाकडं दिली?" आम्ही रडलो.

डॉक्टर म्हणाले, "महाराज, म्हाताऱ्या माणसाचं पोट तुंबलं, अंगातलं पाणी कमी झालं, लघवी अडली की डोकं असं एकाएकी फिरू शकतं. तास-दोन तासांत नाहीतर एक-दोन दिवसांत माणूस बदलला तर ती बाधा समजू नका, तो दवाखान्याचा तातडीचा विषय आहे. पण यांचं विसरणं आधीपासून हळूहळू चालू आहे, ते वेगळं आहे. त्याची घरी गेल्यावर तपासणी करा." इथं दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एकाएकी भ्रम होतो तो एक. महिनोन्‌महिने हळूहळू विसर पडत जातो तो दुसरा, त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात, डॉक्टर लोक डिमेन्शिया म्हणतात. दुसरा ज्याला आहे त्याला पहिला लवकर होतो. ओल्या भिंतीला थोडाही धक्का पुरतो, तसं.

आम्ही घरी आलो आन् तपासणी पुढं ढकलली. सोयाबीन निघालं, कापूस वेचणीला आला, मग कोरोना आला. दोन वर्षं पायी वारी बंद राहिली. दादा घरात बसून राहिले. ना चालणं, ना टाळ, ना चार माणसांत उठबस. तपासणी झाली तोवर रोग पुढं गेला होता. आज दादा वयनीलाही कधी ओळखतात, कधी नाही. पण हातात वीणा दिली आन् हरिपाठ सुरू केला की ओठ बरोबर हलतात. डॉक्टर म्हणतात, गाण्याची आठवण पुष्कळदा सगळ्यात शेवटी जाते. म्हणून आम्ही रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसतो.

आता आमची स्वतःची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावी सप्ताहात आमचं कीर्तन होतं. चाळीस वर्षं म्हणत आलो तो अभंग, पहिलं चरण झालं आन् दुसरं येईचना. मागं टाळकरी थांबले. आम्ही गजर सुरू करून वेळ मारून नेली. लोकांना वाटलं महाराज भावात गेले. आम्ही भावात नव्हतो, आम्ही घाबरलो होतो. त्या रात्री झोप आली नाही. डोळ्यांपुढं दादा दिसत होते.

पण या वेळी पुढं ढकललं नाही. आठवड्याच्या आत यवतमाळला जाऊन तपासणी केली. रक्तात बी-बारा नावाचं जीवनसत्त्व फार कमी निघालं, रक्तदाब वाढलेला निघाला, डाव्या कानानं कमी ऐकू येतं हे कळलं. डॉक्टरांनी पोटाचं विचारलं. आम्ही खरं सांगितलं, की दहा वर्षं चूर्ण घेतल्याशिवाय पोट साफ होत नाही. कीर्तनकाराचं पोट म्हणजे गावोगावच्या पंगतीचं पोट. बुंदी, जिलेबी, पुरी, भात, आन् सकाळी खारी-टोस्ट. इंजेक्शनं झाली, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, आन् खाण्याची ओळ बदलली. आज बरं आहे. तो अभंग परत येतो. कोणत्या एका गोष्टीनं आला हे आम्ही छातीठोक सांगणार नाही. डॉक्टर म्हणतात, बी-बाराचा त्यात मोठा वाटा असावा. पण पोटाचं जे समजलं ते तुमच्यापुढं ठेवतो.

आपण ज्याला चोथा म्हणतो, पुस्तकात त्याला तंतुमय पदार्थ म्हणतात. धान्याचा कोंडा, डाळीचं टरफल, भाजीच्या रेषा, फळाचा गर. हा चोथा आपल्याला पचत नाही. मग तो खायचा कशाला? तर तो आपल्यासाठी नसतोच. आपल्या मोठ्या आतड्यात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव राहतात, त्यांचं ते अन्न आहे. ते जीव त्यातला बराच चोथा आंबवतात आन् त्यातून काही आम्लं तयार करतात. त्या आम्लांवर आतड्याचं अस्तर पोसलं जातं, अंगातली सूज ताब्यात राहायला मदत होते. चोथा मिळाला नाही तर हे जीव उपाशी राहतात. उंदरांवरच्या प्रयोगात असं दिसलं की उपाशी राहिलेले जीव आतड्यावरचा चिकट थरच खायला लागतात.

शेतकऱ्याला हे सांगायला नको. वावरात शेणखत टाकलं तर ते पऱ्हाटी थेट खात नाही. मातीतले जीव खातात, गांडूळ खातं, आन् मग जमीन पिकाला देते. शेणखत बंद केलं, नुसता युरिया टाकत राहिलो, तर चार वर्षं पीक दिसतं आन् पाचव्या वर्षी ढेकूळ फुटत नाही. पोटाचं वावर तसंच आहे.

आता पोटाचा आन् डोक्याचा संबंध काय? पोटातून डोक्यात जाणारी एक मोठी नस आहे, तिला व्हेगस म्हणतात. आम्हाला वाटायचं डोकं हुकूम करते आन् पोट ऐकते. पण या नसेतले दहातले आठ धागे पोटाकडून डोक्याकडे बातमी नेणारे आहेत. शिवाय आतड्यात जी सूज, जी घाण वाढते तिचा परिणाम रक्तावाटे सगळ्या अंगावर होतो, आन् डोकं काही अंगाबाहेर नाही.

नातीनं आम्हाला दोन अभ्यास वाचून दाखवले. एक जपानचा. तिथं चाळीस ते चौसष्ट वयाच्या साडेतीन हजारांहून जास्त लोकांचं खाणं लिहून घेतलं आन् पुढं वीस वर्षांच्या आसपास त्यांच्यावर लक्ष ठेवलं. जे चोथा जास्त खात होते त्यांच्यात स्मृतिभ्रंश कमी आढळला. दुसरा लंडनच्या किंग्ज कॉलेजचा, 2024 साली छापून आला. साठीच्या वरची जुळी भावंडं घेतली, 36 जोड्या. एकाला रोज चोथ्याची पूड, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनकामाची पूड. व्यायाम दोघांनाही दिला. बारा आठवड्यांनी चोथा घेणाऱ्यांची आठवणीची परीक्षा थोडी सरस आली. पायाच्या ताकदीत काही फरक पडला नाही.

आता मायबाप, यातून गैर अर्थ काढू नका. जपानचा अभ्यास नुसता पाहण्याचा होता, जास्त चोथा खाणारे बाकीच्या बाबतीतही जपून राहत असतील. लंडनचा लहान आन् थोड्या दिवसांचा, आन् त्यातली माणसं धडधाकट होती. भाकर खाऊन गेलेली आठवण परत येते असं कोणी म्हणत असेल तर तो तुम्हाला फसवतो. आमचे दादा दोन वर्षांपासून भाकर, मूग, ताक सगळं खातात. त्यांना आम्ही आजही ओळखू येत नाही. फरक पडला तो एवढाच, की पोट साफ राहते, रात्रीची कालवाकालव कमी झाली, वयनीला झोप मिळते. आन् 2019 सारखी रात्र परत आली नाही. आमच्या घराला एवढंही फार आहे.

चोथा किती पाहिजे? हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे, सरकारची. तिनं सांगितलेला अंदाज दिवसाला तीस ग्रॅमच्या आसपास आहे. त्याच संस्थेच्या तक्त्यात शंभर ग्रॅममध्ये किती चोथा ते दिलं आहे. ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम, बाजरीत 11, गव्हाच्या चाळणी न लावलेल्या पिठात 11, तुरीच्या डाळीत 9, आख्ख्या मुगात 17, आख्ख्या हरभऱ्यात 25, जवसात 26. आन् पांढऱ्या तांदळात 3, मैद्यात 3 च्या आत. साबुदाण्यात तर नावालाच.

म्हणजे पाहा, गहू काही वैरी नाही. आम्ही आधी गव्हालाच दोष द्यायचो. वैरी आहे मैदा, वैरी आहे बारीक चाळणी, आन् भातानं भरलेलं ताट. आपल्या बाया पोळी पांढरी दिसावी म्हणून कोंडा चाळून गाईपुढं टाकतात. गाय धष्टपुष्ट आन् म्हातारा कोपऱ्यात पोट धरून.

एका दिवसाचा हिशोब करू. दोन भाकरींना दीडशे ग्रॅम पीठ धरलं तर 15 ग्रॅम चोथा. तीस ग्रॅम आख्ख्या मुगाची उसळ, 5 ग्रॅम. तेवढ्याच तुरीच्या डाळीचं वरण आन् एक पालेभाजी, मिळून 5. एक मोठा पेरू, ज्याला आपण जांब म्हणतो, त्याचे 8. झाले 33. यातलं काही मुंबईहून आणायचं नाही. अंबाडी, चिवळ, तरोटा, शेवग्याचा पाला बांधावर आहे. जवसाची चटणी आपल्या आयांनी कधी औषध म्हणून केली नव्हती, भाकरीला तोंडी लावायला केली होती. आन् दुसऱ्या माणसाचा हिशोब करा: सकाळी चार टोस्ट, दुपारी भात आन् पातळ वरण, रात्री परत भात. दहा ग्रॅमही भरणं मुश्किल.

मग भाकर गेली कुठं? आमच्या लहानपणी या भागात ज्वारीशिवाय घर नव्हतं. आपल्याच पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते तेव्हा संकरित ज्वारीचा गाजावाजा होता. पुढं सोयाबीन आलं, हातात रोकड आली. ज्वारी पेरली तर पाखरं राखायला माणूस नाही, रात्री रानडुकरं सोडत नाहीत, कापायला मजूर मिळत नाही. रेशनवर गहू-तांदूळ दोन आन् तीन रुपयांनी मिळायला लागला, 2023 पासून तर फुकट. गरिबाच्या घरी चूल पेटली, त्याला आम्ही नावं ठेवणार नाही. पण ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तसं ढोर गेलं, ढोर गेलं तसं शेणखत गेलं. एकाच वेळी वावराचा चोथा गेला आन् पोटाचाही. आम्ही यंदा एक एकर ज्वारी पेरली आहे. नफ्याचं विचारू नका. घरच्या भाकरीपुरती आन् दिंडीच्या दोन पंगतींपुरती निघाली तरी पुष्कळ.

आता वारकऱ्यांच्या दोन-तीन नाजूक गोष्टी बोलतो, राग मानू नका.

पहिली एकादशीची. व्रत मोडा असं आम्ही सांगणार नाही, आम्ही स्वतः जन्मभर धरलं. पण एकादशीला साबुदाणाच खाल्ला पाहिजे असं कुठल्या संतानं सांगितलं? ज्याला चालते त्यानं राजगिऱ्याची भाकर करावी, भगर, सालीसकट उकडलेलं रताळं, शेंगदाण्याची आमटी, एखादं फळ घ्यावं, पाणी भरपूर प्यावं. साखरेच्या गोळ्या चालू असतील त्यानं उपासाच्या दिवशी गोळ्या कशा घ्यायच्या ते डॉक्टरांना आधी विचारावं.

दुसरी माळकऱ्यांची. आपण मांस, मासळी, अंडी खात नाही. बी-बारा झाडपाल्यात मिळत नाही. आपल्याला ते फक्त दूध, दही, ताकातून मिळते, आन् घरची म्हैस गेली तसं तेही पातळ झालं. म्हाताऱ्या पोटात ते नीट शोषलंही जात नाही. साखरेवरची मेटफॉर्मिन नावाची गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांतही ते कमी होते. ते कमी झालं की हातापायाला मुंग्या येतात, तोल जातो, विसर पडतो. आन् हा विसर वेळेवर धरला तर भरून येऊ शकतो. माळ तोडायची गरज नाही, रक्ताची एक तपासणी करायची गरज आहे. भाकरीनं बी-बारा भरून निघत नाही, हे ध्यानात ठेवा.

तिसरी आपल्या मायबहिणींची. दिंडीत बाया पाणी पीत नाहीत, कारण आडोसा नाही. हा दोष बायांचा नाही, आपल्या व्यवस्थेचा आहे. चोथा खायचा आन् पाणी प्यायचं नाही, तर तोच चोथा आतड्यात घट्ट बसतो. मुक्काम ठरवताना आधी मंदिर पाहतो, मग पाण्याचा टँकर, मग मंडप. यापुढं आधी शौचालय पाहा.

आता सावधगिरी. आज भाषण ऐकलं आन् उद्या चार भाकरी हाणल्या असं करू नका. पोट फुगेल, गुडगुड करेल, आन् मग म्हणाल महाराजांनी बिघडवलं. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. ज्याला दात नाहीत त्यानं भाकर ताकात किंवा वरणात कुस्करावी, ज्वारीच्या कण्या कराव्या, आंबील करावी. आपण काल्याचा प्रसाद घेतो, तसा हा रोजचा काला. इसबगोल घ्यायचं तर पेलाभर पाण्यासोबत, कोरडं कधीच नाही, आन् बाकीच्या गोळ्यांपासून थोडं अंतर ठेवून. ज्याला गिळताना ठसका लागतो, ज्याला किडनीचा, हृदयाचा आजार आहे, पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे, त्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नये. शौचातून रक्त गेलं, वजन घटलं, पोट दुखून उलट्या झाल्या, तर चूर्णाची बाटली बाजूला ठेवा आन् दवाखाना गाठा.

आन् नुसत्या पोटावर सगळा भार टाकू नका. लॅन्सेट नावाचं डॉक्टरांचं मोठं मासिक आहे. त्याच्या तज्ज्ञमंडळानं 2024 साली चौदा कारणं सांगितली, जी आपल्याला सांभाळता येतात. रक्तदाब, साखर, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, तंबाखूचा धूर, दारू, बसून राहणं, मनाची उदासी, एकटेपणा, कमी शिक्षण, डोक्याला मार, अशी. ती सगळी सांभाळली तर जवळपास निम्मे स्मृतिभ्रंश टळू शकतात किंवा लांबू शकतात, असा त्यांचा अंदाज आहे. आता ही यादी आपल्या दिंडीशेजारी ठेवून पाहा. चालणं आहे, चार माणसांची सोबत आहे, पाठांतर आहे, टाळाच्या तालावर अंग हलतं, दारू नाही. आपल्या वाडवडिलांनी पुष्कळ गोष्टी आधीच बांधून दिल्या. उणीव राहिली ती ताटात, पाण्यात आन् तपासणीत.

हा रोग काही एखाद्याच घरचा नाही. आपल्या देशात साठीच्या वरच्या शंभरांत सात जणांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज 2023 साली छापून आला. म्हणजे 88 लाख माणसं. खेड्यात जास्त, बायांत जास्त, न शिकलेल्यांत जास्त. म्हणजे आपल्यातच.

शेवटचं बोलतो आन् थांबतो. मागच्या बैठकीत एक सूचना आली की विसराळू म्हाताऱ्यांना यापुढं दिंडीत घेऊ नये, हरवले तर जबाबदारी कोणाची? सूचना करणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे आम्ही जाणतो. रस्त्यावर गाड्या वाढल्या आहेत, काळजी खरी आहे. पण आमची हात जोडून विनंती आहे. असं ठरवाल तर दरसाली शंभर जण आपला विसर लपवून दिंडीत येतील, पोट तुंबलेलं लपवतील, आन् 2019 ची रात्र परत येईल. त्यापेक्षा लपवायची लाज काढून टाकू. ज्याला विसर पडतो त्यानं निघण्याआधी सांगावं, डॉक्टरांचा सल्ला आणावा. त्याच्या गळ्यात नाव, गाव आन् फोन लिहिलेलं कार्ड राहील. त्याला एक सोबती नेमून देऊ, तो रोज सकाळी दोनच प्रश्न विचारेल: "पाणी पेलं का? पोट साफ झालं का?" पंगतीत एक वेळ भाकर आन् आख्ख्या मुगाची, मटकीची उसळ ठेवू. सकाळच्या टोस्टाच्या जागी फुटाणे ठेवू, दात नसलेल्यांना आंबील. ज्याला पायी झेपत नाही त्याला एक मुक्काम तरी गाडीनं आणू.

यंदा प्रस्थानाच्या दिवशी दादांना आम्ही वेशीपर्यंत आणणार आहोत. पुढं ते येणार नाहीत, डॉक्टरांनी नाही म्हटलं आहे, आन् आम्ही यंदा ऐकणार आहोत. पण वीणा वेशीपर्यंत त्यांच्याच गळ्यात राहील. त्यांना आपली नावं आठवणार नाहीत. तुम्ही रागावू नका, पुढं होऊन आपलं नाव सांगा आन् पाया पडा. ज्याला आठवत नाही त्याची आठवण बाकीच्यांनी ठेवायची असते. शंभर वर्षं ही दिंडी अशीच चालली. एकाचा पाय दुखला तर दुसऱ्यानं त्याचं गाठोडं उचललं.

घरी गेल्यावर एक काम करा. तुमच्या घरात जो सगळ्यात म्हातारा माणूस आहे त्याच्याजवळ बसा, आन् विचारा, जेवलात काय, पाणी पेलं काय, पोट साफ होते काय. लाजू नका. तोही लाजणार नाही, कोणीतरी विचारायची तो वाट पाहून राहिला असेल.

चूकभूल पदरात घ्या. बोला, पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!